दोघींच्या नावाची परवानगी

३ फेब्रुवारी

बारके,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच कचऱ्यात टाकलं असतंस, म्हणून पत्ता ऑफिसातल्या प्रिंटरवर छापून घेतला. लबाडी झाली, मान्य. पण आता फोडलंच आहेस तर निदान पहिलं पान वाच. तुझा फोन माझा नंबर घेत नाही, मेल परत येतो, तेव्हा पोस्टाला शरण जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आधी कामाचं सांगते. यंदा ट्रॅव्हल ऑफिसात मला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. म्हणजे पंचवीस वर्षं मी खिडकीजवळच्या त्याच टेबलावर बसून लोकांना जगभर धाडते आणि स्वतः चार नंबरच्या बसने घरी येते. साहेबांनी परवा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं, माझ्या हातात फुलं दिली आणि म्हणाले, "आपल्या यादीतली कुठलीही एक सहल निवडा. दोन माणसांची, कंपनीकडून." टाळ्या वाजल्या. आमच्याकडे तिकिटं काढणारा एक वात्रट माणूस आहे, तो लगेच म्हणाला, "मॅडम, दुसरं माणूसपण कंपनीनेच द्यायचं का?" सगळ्यांबरोबर मीही हसले. काय करणार?

यादीत बेटं होती, बर्फ होता, जहाजावरचे आठ दिवस होते. मी आफ्रिकेतल्या डोंगरांमधले गोरिला निवडले. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "आणि तुमचे गुडघे?" म्हणाले. म्हटलं, गुडघे माझे आहेत, त्यांचं काय करायचं ते मी बघते.

कारण तुला सांगायला नको. बाबांच्या टायरच्या दुकानात आलेलं ते कॅलेंडर. सप्टेंबरच्या पानावर गोरिलाची मादी आणि तिच्या पाठीवर पिल्लू. सप्टेंबर संपला तरी तू पान उलटू दिलं नाहीस, भोकाड पसरलंस. मग आईने ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरच्या तारखा त्याच चित्राखाली पेन्सिलीने लिहून काढल्या. तू तेव्हा सहा वर्षांची, मी चौदाची. "मोठी झाले की ताईला तिकडे नेणार," असं तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस. आईला नाही का नेणार, असं कुणी विचारलं की म्हणायचीस, "आई दमते."

आता नीट वाच. या गोरिलांना भेटायला परवानगी लागते. त्यांच्या एका कुटुंबाकडे दिवसाला आठच माणसं सोडतात, तीही तासाभरासाठी. परवानगी पासपोर्टच्या नंबरासकट नावावर निघते आणि एकदा निघाली की नाव बदलता येत नाही. चौदा जुलैच्या दोन जागा मी सांगून ठेवल्या आहेत. वीस मार्चपर्यंत तुझ्या पासपोर्टची प्रत हवी. सोबत चिठ्ठी लिहायची गरज नाही, नुसता कागद पाठवलास तरी चालेल.

ताई


२७ फेब्रुवारी

बारके,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज संध्याकाळी जिना चढण्याआधी पेटीत हात घालून बघते. परवा त्या पेटीत फक्त चष्म्याच्या दुकानाची जाहिरात होती. मी ती पण वर आणून वाचली.

तू येणार नाहीस असं धरून काही ठरवता येत नाही, म्हणून येणार असं धरून सगळं ठरवते आहे. माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तासवार कागद देते, तुला आठवत असेल. कितीला उठायचं, कितीला गाडी, कुठे किती वेळ थांबायचं. त्यात मधेमधे मोकळा वेळ सोडायचा, कारण कुणाची तरी बॅग उशिरा येते, कुणाचं तरी पोट बिघडतं. ऑफिसात माझ्या कागदाची टिंगल करतात. पण पंचवीस वर्षांत माझ्या एकाही माणसाचं विमान चुकलेलं नाही, हे कुणाच्याने नाकारवत नाही.

आपल्या कागदावर असं आहे: पहिल्या दिवशी तू तुझ्या बाजूने ये, मी माझ्या बाजूने येते, विमानतळावर भेटायचं. दुसऱ्या दिवशी जीपने पाच तास डोंगराकडे. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून पायथ्याशी हजर. तिथे नियम सांगतात, काठ्या देतात, आणि मग चालायचं. गोरिला एक तासावर भेटतील की सहा तासांवर, ते गोरिलांच्या मर्जीवर. वाटाडे आदल्या दिवशीच्या जागेपासून माग काढत जातात. मला हा भाग झेपत नाही. तासवार कागदावर मी त्या रकान्यात पेन्सिलीने "चालणे" एवढंच लिहून ठेवलं आहे.

तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतं. विमानं आणि वेळा या बाबतीत माझा शब्द तू आता धरणार नाहीस. तेव्हा एकदा कागदावर लिहूनच टाकते. आई बुधवारी दुपारी गेली. तू गुरुवारी संध्याकाळी पोचलीस. स्वयंपाकघराच्या दारात बॅग न ठेवताच तू विचारलंस, "ताई, आधीचं काहीच नव्हतं?" मी म्हटलं, नव्हतं. आठवड्याने परत जाताना तू विमानतळावर चौकशी केलीस आणि तिथून फोन केलास, "सोमवारचं विमान निम्मं रिकामं आलं होतं." मी तुला तेव्हा सांगितलं तेच आजही सांगते. त्या विमानाने यायचं तर मधल्या विमानतळावर पन्नासच मिनिटं मिळत होती, आणि तीन तासांपेक्षा कमी अंतराची जोडणी मी कुणालाही देत नाही. बहिणीलाही नाही. तू फोन ठेवलास. त्याला येत्या जूनमध्ये सात वर्षं होतील.

सात वर्षं, बारके! चार वर्षं आईचं हागणं-मुतणं मी काढलं, अंग पुसलं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलली. तू दूर देशी लोकांचे दात दुरुस्त करत होतीस आणि रविवारी फोन करत होतीस. हे मी बोलून दाखवणार नव्हते. खोडलं असतं तर खाली काय होतं ते तू उजेडात धरून वाचलंच असतंस, म्हणून राहू देते.

प्रत पाठव. वीस मार्च.

ताई


२३ मार्च

बारके,

मिळाली. मुदतीच्या बरोबर एक दिवस आधी! माझा जीव असा टांगणीला लावून तुला काय मिळालं?

टेबलावर गिऱ्हाईक बसलं होतं, नवराबायको, त्यांना बेट हवं होतं. ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं तुझं पाकीट मी त्यांच्यासमोरच फोडलं आणि कागद उलगडला, तर पुढे तुझा फोटो. केस किती बारीक कापलेस गं. कानावर पांढरे दिसतात. तू माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहेस, तुला केस पांढरे करायची परवानगी कुणी दिली? मला एकदम रडू फुटलं. वात्रट पळत आला, त्याला वाटलं कुणाचं तिकीट चुकलं. गिऱ्हाइकाला मी सांगितलं, डोळ्याचा त्रास आहे. त्यांनी बेटाचं नक्की केलं बिचाऱ्यांनी, घाबरून असेल.

कागदाच्या मागे लिहिलेली तुझी ओळ मग घरी येऊन वाचली. "येते. पण तिथे आईच्या शेवटच्या दिवसांचं खरं काय ते सांगायचं. पन्नास मिनिटं वगैरे नको. जमत नसेल तर माझं नाव घालू नकोस."

नाव घातलं. परवानगी आली आहे, एका कागदावर दोघींची नावं, खाली वर. पुष्कळ वर्षांनी आपली नावं अशी जवळ छापलेली बघितली. यापूर्वी ती आईच्या मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर होती.

सामानाची यादी सोबत जोडते. लांब बाह्यांचे दोन सदरे, जाड विजार, गुडघ्याखालपर्यंत येणारे मोजे. विजार मोज्यांत खोचायची, नाहीतर मुंग्या आत शिरतात. बागकामाचे हातमोजे आण, कारण चढताना ज्याला धरावं ते झुडूप खाजरं निघतं. पिवळ्या तापाची लस घे आणि त्याचं कार्ड पासपोर्टमध्येच ठेव. भडक रंग नकोत. बूट नवे असतील तर आत्तापासून घाल, तिथे जाऊन पायाला फोड आले तर मी उचलून नेणार नाही.

मोजे चार जोड आण. सहा आणलेस तर उत्तम.

ताई


२ मे

बारके,

लस घेतली. दंड दोन दिवस ठणकत होता. ऑफिसची इमारत सात मजली आहे आणि लिफ्ट धडधाकट आहे, तरी मी रोज दोनदा जिन्याने वर-खाली करते, पाठीवर पिशवीत जुनी माहितीपत्रकं घालून. पाचव्या मजल्यावर वकिलाचं ऑफिस आहे. त्यांचा कारकून परवा दार उघडून म्हणाला, "बाई, कुणाला शोधताय का?" म्हटलं, गोरिलाला. तेव्हापासून तो मला बघितलं की दार लावून घेतो.

बूट मऊ झालेत. एक रात्र विमानतळाजवळ मुक्काम वाढवला आहे, सामान उशिरा आलं तर पंचाईत नको. गोरिलांच्या तोंडावर, नाकपुड्यांच्या वरच्या बाजूला ज्या सुरकुत्या असतात त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि वाटाडे त्यांवरून एकेकाला ओळखतात, असं माहितीपत्रकात लिहिलंय. आणि त्यांच्यापासून दहा मीटर लांब राहायचं, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, तो अंगावर आला तर खाली बसायचं, पळायचं नाही.

तीन पानं झाली. आतापर्यंत तुला कळलंच असेल की मी टाळते आहे. तू म्हणालीस तिथे सांग. पण तुझ्यासमोर उभी राहिले की मी पुन्हा पन्नास मिनिटंच म्हणेन, मला माझी खात्री नाही. म्हणून इथेच लिहिते. वाचून यायचं नसेल तर येऊ नकोस.

पन्नास मिनिटं नव्हती. दोन तास चाळीस मिनिटं होती. कुठल्याही धडधाकट माणसाला पुरतील एवढी. आणि जागा होती. नुसती होती असं नाही, मी तुझ्या नावाने धरून ठेवली होती.

तो शनिवार होता. सकाळी नर्स म्हणाली, "धाकटीला बोलावून घ्या." मी आईच्या खोलीतल्या स्टुलावर लॅपटॉप ठेवून सोमवारच्या विमानात तुझी जागा होल्डवर टाकली. होल्ड म्हणजे काय ते तुला ठाऊक नसेल. जागा आपल्या नावावर राहते, पण संध्याकाळी सहाच्या आत तिकीट काढावं लागतं. नाही काढलं तर ती आपोआप सुटते, कुणी काही रद्द करावं लागत नाही. त्या विमानाने आली असतीस तर मंगळवारी सकाळी तू घरी असतीस.

त्या दिवशी आई तुझं नाव घेत होती. सकाळपासून. "बारकी कधी येणार?" मी सांगायचे, येतेय. पाच मिनिटांनी पुन्हा. मी तिचं अंग पुसत होते, तिला वाटीतून पाणी पाजत होते आणि ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होती. चार वर्षांत "तू दमलीस का गं" असं तिने मला एकदाही विचारलं नव्हतं. दुपारी नर्सने नाडी बघितली आणि म्हणाली, बरं दिसतंय, चार-पाच दिवस नक्की काढतील. मी ते वाक्य धरून बसले. मला वाटलं, गुरुवारचं थेट विमान आहे, बारकी आरामात येईल, तोवर मी आईचे केस धुते, चादर बदलते, तिला जरा बसती करते. असं वाटलं हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. तू आल्यावर ती माझ्याकडे बघणारच नव्हती, हे मला माहीत होतं. मला आणखी तीन दिवस ती माझ्या एकटीची हवी होती.

पावणेसहाला मी लॅपटॉप उघडा ठेवून पाणी गरम करायला गेले. परत आले तेव्हा सहा वाजून चार मिनिटं झाली होती. मी काहीही रद्द केलं नाही, बारके. मी सहा वाजू दिले.

दुसऱ्याचं विमान मी कधी चुकू दिलं नाही. तुझं चुकवलं.

ताई


१५ जून

बारके,

दीड महिना झाला. तू गप्प. बरोबर आहे. मी तुझ्या जागी असते तर पत्राचे तुकडे करून परत पाठवले असते, तेवढंही तू केलं नाहीस.

हे छोटंसं पत्र फक्त व्यवस्थेचं. परवानगीवर तुझं नाव आहे आणि ती तुझी आहे. कॅलेंडरसुद्धा तुझंच होतं. माझ्याबरोबर नको असेल तर वात्रटाला फोन कर, नंबर खाली आहे. तो तुझी जीप आणि खोली वेगळी करून देईल, मला सांगणार नाही. मी गेलेच नाही तरी चालेल. साहेबांना सांगेन, गुडघे. ते म्हणतील, मी म्हटलंच होतं.

बूट घालून चाल मात्र. तुझी सवय मला माहीत आहे, आयत्या वेळी पेटीतून काढशील.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी लिहिलेली नाही. त्या पत्रात लिहिणार होते, पण हात पुढे गेला नाही. सहा वाजू दिले त्याची मला लाज वाटते. या दुसऱ्या गोष्टीची लाज वाटत नाही, तरी तीच सांगायला जड जाते.

ताई


१४ जुलै, डोंगराच्या पायथ्याशी

बारके,

तू वर गेलीस त्याला तास होत आला. मी काठ्या ठेवायच्या खोपटाबाहेरच्या बाकावर बसले आहे. चौकीवरच्या बाईने मला चहा आणून दिला आणि ढोपरावर ठेवून लिहायला एक फळी दिली. ती बघतेय की ही बाई एवढं काय लिहिते. तिला काय सांगू, की जिला लिहितेय ती माझ्याच खोलीत झोपते, माझ्याशेजारच्या खाटेवर.

तू येशील असं शेवटपर्यंत वाटलं नव्हतं. विमानतळावर मी दोन तास आधी जाऊन उभी राहिले होते आणि तू माझ्या मागून आलीस. तू म्हणालीस, "सहा वाजू दिलेस?" मी म्हटलं, "हो." मग तू माझी बॅग उचललीस आणि चालायला लागलीस. जीपमध्ये पाच तास तू खिडकीबाहेर बघत होतीस. मी तासवार कागद काढला तेव्हा मात्र तुला हसू आलं, मी बघितलं. लगेच तोंड फिरवलंस. काल संध्याकाळी मी सामान लावत होते तर तू खाटेवरून म्हणालीस, "अजून काहीतरी आहे. तू मोजे इतक्या वेळा मोजतेस तेव्हा काहीतरी असतंच." मी म्हटलं, उद्या उतरल्यावर सांगते.

आणि आज सकाळी हे असं. विमानातल्या गारव्याने मला सर्दी झाली, हे मला कालपासून कळत होतं. तुलाही. तुझ्यासमोर दोनदा शिंकले होते. वाटाड्याने सगळ्यांना गोल उभं करून नियम सांगितले. कुणाला सर्दी, खोकला, ताप असेल तर आत्ताच सांगा, आपल्यासारख्यांची साधी सर्दी त्यांच्या अख्ख्या कुटुंबाच्या जिवावर बेतू शकते. सगळे एकमेकांकडे बघत होते. गोळी घेतली होती, मास्क होताच, नाक मुठीत धरून चढले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पंचवीस वर्षांची सहल, सात मजले, सहा जोड मोजे. मी हात वर केला.

"ताई, नक्की?" तू म्हणालीस. आणि मग, "मीपण थांबते." मी तुझ्यावर खेकसले, चार लोकांत खेकसले, ते चुकलंच. पण मला राग तुझा आला नव्हता. एकदा तरी तुला वेळेवर पोचू दे, एवढंच डोक्यात होतं. तू काठी घेतलीस आणि गेलीस. वळणावर एकदा मागे बघितलंस. तुझे बूट नवेकोरे होते, ते पण बघितलं मी.

आता ती दुसरी गोष्ट.

मंगळवार दुपार. तू सकाळी घरी यायला हवी होतीस तोच मंगळवार. नर्स गेली होती. आईचं बोलणं सोमवारपासून अडखळत होतं, डोळ्यांनी तिला दिसत नव्हतं म्हटलं तरी चालेल. मी तिच्या ओठांना कापसाने पाणी लावत होते. ती म्हणाली, "बारके, आलीस?"

आपला आवाज सारखाच आहे. बाबा फोनवर नेहमी फसायचे. मी म्हणाले, "आले गं आई."

मी हे का केलं ते विचारू नकोस. तिला बरं वाटावं म्हणून केलं असं मी स्वतःला सांगत आले आहे. तिने माझा हात धरला, बोटं चाचपली आणि म्हणाली, "हात किती खरखरीत झालेत गं तुझे. तिकडे फार काम पडतं का?" दिवसातून तीस वेळा धुऊन माझे हात तसे झाले होते. मी म्हणाले, "हो, पडतं." ती जरा वेळ नुसती माझा हात कुरवाळत राहिली. तुझा म्हणून. मी तशीच बसून राहिले.

मग ती बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते. सात वर्षांत त्यातला एक शब्दही मी हरवू दिलेला नाही. तो निरोप तुझा होता आणि मी तो दाबून ठेवला.

ती म्हणाली, "ताईला एकटं सोडू नकोस. तिने माझ्यापायी स्वतःचं काहीच केलं नाही. मी तिला कधी बोलले नाही, बोलले असते तर ती रडली असती आणि मग माझं कोणी केलं असतं? तू तिच्याकडे येत जा. ती बोलवणार नाही. विचारलंस तर नको म्हणेल, काम आहे म्हणेल. तू विचारूच नकोस. नुसती येत जा."

आणि मग म्हणाली, "येशील ना?"

मी तुझ्या वतीने म्हणाले, "येईन."

ती त्यानंतर काही बोलली नाही. बुधवारी दुपारी गेली. माझ्याकडे बघून ती कधी काही बोलली नाही असं मला चार वर्षं वाटत होतं, आणि जेव्हा बोलली तेव्हा तिला वाटलं समोर तू आहेस.

तू गुरुवारी आलीस तेव्हाच हे सांगायला हवं होतं. पण सोमवारची जागा मीच घालवली होती. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगू, की आईचा निरोप आहे, मला सांभाळ म्हणून? मग तू गेलीस. पुढे एकेका वर्षागणिक ते आणखी अवघड होत गेलं. तुला निरोप पोचवणं म्हणजे तुझ्याकडे मागणं झालं असतं, आणि मागायला मला येत नाही, हे आई बरोबर बोलली. फेब्रुवारीतसुद्धा मी काय लिहिलं? चिठ्ठी नको, नुसता कागद पाठव. गुडघे माझे आहेत, मी बघते. तू येतेस का असं मी तुला एकाही पत्रात विचारलेलं नाही. काल रात्री उशीवर पडून सगळी पत्रं आठवून बघितली, एकदाही नाही.

मी "येईन" म्हणाले ते तुझ्यावर बांधलेलं नाही. शब्द मी दिला, तू नाही. मी तुझ्याकडून आईचा एक दिवस काढून घेतला, तो मला परत देता येत नाही, आणि तो माफ कर असं मी म्हणणार नाही. ते तुझं तू ठरव, नाही केलंस तरी मला समजेल.

पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात मी सात वर्षं एकटी आहे, बारके. आईची खोली मी अजून वापरत नाही. संध्याकाळी बसमधून उतरले की खालूनच खिडकीकडे बघते, दिवा नसतो. रविवारी फोनजवळ बसते, तुझा फोन यायचा त्या वेळेला, आणि मग उठून भांडी घासते.

चौकीवरची बाई सांगतेय, वायरलेसवर कळलं, तुम्हा लोकांना ते सापडले. म्हणजे तू आत्ता तिथे उभी आहेस. मला इथून काही दिसत नाही, नुसतं धुकं आहे. तू खाली येशील तेव्हा मी हे पत्र तुझ्या हातात देणार आहे आणि तू वाचेपर्यंत समोर उभी राहणार आहे. मोजे मोजणार नाही.

आईने सांगितलं म्हणून नको. मी मागतेय. माझ्याकडे येत जा.

ताई